मायक्रोकंट्रोलरला वॉचडॉग लावताना: हजेरी कुठे, कधी आणि कशाच्या पुराव्यावर

वॉचडॉग म्हणजे चिपमधला असा टायमर, जो कोड अडकला की चिप नव्याने सुरू करतो. ‘कोडमध्ये वॉचडॉग आहे, तरी बोर्ड हँग होतो.’ मोटरचे मोबाईल स्टार्टर, टाकीचे ऑटो स्विच, पोल्ट्री शेडचे कंट्रोलर बनवणाऱ्या मुलांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी कोडच मागवतो. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. वॉचडॉगला शांत ठेवणारी ओळ टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य कोड क्षणभर थांबवून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये) असते, नाहीतर कोडभर पंधरा-वीस ठिकाणी पेरलेली असते. दोन्ही वेळा वॉचडॉग असून नसल्यासारखा.

आमच्या विहिरीवर एका उन्हाळ्यात हेच घडलं. रात्रीची लाईट होती आणि मोटर चालू होती. बोर्ड अडकला, एलसीडीवरचे आकडे गोठले. पाणी तळाला गेलं तरी ड्राय रन पकडणारा कोड चालतच नव्हता. सकाळी वाइंडिंग जळालेलं होतं. त्या कोडमध्ये वॉचडॉग होता, पण त्याची ओळ टायमर इंटरप्टमध्ये होती. मुख्य लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा मुख्य कोड, मेला होता, टायमर मात्र बिनचूक चालत होता.

पुढच्या पायऱ्या ॲटमेगा३२८पी धरून लिहिल्या आहेत, म्हणजे आर्डुइनो उनो आणि नॅनोवरची चिप. बोर्ड ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ. सोबत थ्री फेज मोजणी, जीएसएम मॉड्यूल, आय-टू-सीवरचा (डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरींवरचा) १६×२ एलसीडी आणि स्टार्टरसाठी दोन रिले. तुमचं यंत्र वेगळं असेल, पण पायऱ्यांचा क्रम तोच ठेवा.

एक शब्द आधी ठरवून घेऊ. वॉचडॉगचा काउंटर शून्यावर आणणाऱ्या ओळीलाही ‘रिसेट’ म्हणतात आणि चिप नव्याने सुरू होण्यालाही ‘रिसेट’च म्हणतात. यातून फार घोळ होतो. म्हणून पहिल्या गोष्टीला मी हजेरी म्हणतो. ठरलेल्या मुदतीत हजेरी लागली नाही की वॉचडॉग चिप रिसेट करतो.

## पायरी १: वॉचडॉगआधी वीज नीट करा

बोर्ड हँग होण्यामागे पुष्कळदा कोड नसून सप्लाय असतो. वॉचडॉग त्यावर इलाज नाही, तो फक्त दुखणं झाकतो.

टॉवर शोधताना किंवा मेसेज पाठवताना सिम८००सारखं जीएसएम मॉड्यूल क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत करंट ओढतं. त्याला वेगळा सप्लाय द्या आणि त्याच्या पिनांना अगदी लागून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. लांब वायरच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या कपॅसिटरचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ब्राउन-आउट डिटेक्टर. व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की तो चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो. ३२८पीमध्ये त्याच्या पातळ्या १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट. उनोवर २.७ लावलेला येतो. १६ मेगाहर्ट्झला चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत, म्हणजे मधल्या पट्ट्यात चिप चालूही असते आणि चुकतही असते. ५ व्होल्टच्या बोर्डाला ४.३ लावा. ही पातळी चिपच्या आतल्या ‘फ्यूज’ नावाच्या सेटिंगमध्ये असते, आणि तो फ्यूज बदलायला आयएसपी प्रोग्रामर (चिपमध्ये थेट लिहिणारं साधन) लागतो.

कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोठ्या रिलेच्या) कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लावा. कपॅसिटर एक्स-२ प्रकारचाच घ्या.

> सावधान: स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात. मेन स्विच खाली करून, टेस्टरने तिन्ही फेज पाहूनच हात घाला. शेतावरची गेलेली लाईट न सांगता परत येते.

## पायरी २: बूटलोडर तपासा

बूटलोडर म्हणजे चिप सुरू होताच आधी चालणारा आणि नवा कोड चढवून घेणारा छोटा कोड. ही पायरी सगळे गाळतात आणि मग ‘वॉचडॉग लावला आणि बोर्ड मेला’ असं म्हणतात.

३२८पी वॉचडॉगने रिसेट झाली की वॉचडॉग बंद होत नाही. सर्वांत कमी मुदतीवर, म्हणजे १६ मिलिसेकंदांवर, तो चालूच राहतो. पुढच्या कोडने तेवढ्या वेळात त्याला आवरलं नाही तर पुन्हा रिसेट, पुन्हा १६ मिलिसेकंद, असं अखंड चालतं. ऑप्टिबूट हा बूटलोडर हे सांभाळतो. जुन्या नॅनोंवरचा बूटलोडर सांभाळत नाही, आणि बाजारातल्या स्वस्त नॅनोंवर अजूनही तोच सापडतो.

ओळखायचं कसं? आर्डुइनो आयडीईमध्ये प्रोसेसर निवडताना ‘ओल्ड बूटलोडर’ निवडल्याशिवाय कोड चढत नसेल, तर तुमच्याकडे जुना आहे. आयएसपी प्रोग्रामरने ऑप्टिबूट चढवून घ्या.

> तपासा: एक छोटा कोड लिहा. सुरू होताच एलईडी एकदा लुकलुकवा, ८ सेकंदांचा वॉचडॉग लावा आणि रिकाम्या अनंत लूपमध्ये थांबा. दर ८-९ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर बोर्ड ठीक. एलईडी भराभर फडफडत राहिला तर बूटलोडर जुना आहे. अशा अडकलेल्या बोर्डाचा सप्लाय पूर्ण काढून परत लावा आणि पहिल्या ८ सेकंदांत नवा कोड चढवा.

## पायरी ३: रिसेटच्या क्षणी मोटरचं काय होणार ते ठरवा

रिसेट होताच चिपच्या सगळ्या पिना इनपुट होतात, त्यांच्यावर कोणाचाच ताबा उरत नाही. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जमिनीकडे १० किलोओहमचा रेझिस्टर हवा, म्हणजे मोकळी पिन रिले ओढणार नाही. लो दिल्यावर ओढणारे तयार रिले मॉड्यूल असतील तर रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावा. कोडमध्येही आधी पिनेवर हाय लिहा आणि मगच तिला आउटपुट करा. उलट क्रमाने लिहिलं तर दर रिसेटला रिले एक टिचकी मारतो, आणि स्टार्टच्या रिलेची टिचकी म्हणजे मोटर सुरू.

आता महत्त्वाचं. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरमध्ये हिरवं बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर स्वतःच्या जादा कॉन्टॅक्टवर स्वतःला धरून ठेवतो. त्यामुळे बोर्ड रिसेट झाला म्हणून मोटर थांबत नाही. बोर्डाचे रिले सुटतात, मोटर चालूच राहते, आणि नव्याने सुरू झालेल्या कोडला वाटतं की मोटर बंद आहे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा: सुरू होताच करंट मोजून मोटर खरोखर चालू आहे का ते पाहायचं आणि तिथून पुढे जायचं. दुसऱ्या मार्गात लाल बटणाच्या सिरीजमध्ये असा रिले लावायचा, जो बोर्ड जिवंत असेपर्यंतच ओढलेला राहतो. बोर्ड रिसेट झाला की रिले सुटतो आणि मोटर पडते. मी दुसराच मार्ग घेतो. यात रिसेट झाला की पाणी काही मिनिटं थांबतं, हे खरं. पण ड्राय रनवर लक्ष ठेवणारं कोणी नसताना मोटर चालू ठेवायला माझं मन होत नाही.

> तपासा: मोटरच्या जागी दिवा लावा. बोर्डचं रिसेट बटण २० वेळा दाबा. दिवा प्रत्येक वेळी विझला पाहिजे आणि आपोआप एकदाही पेटता कामा नये.

## पायरी ४: मुदत मोजून ठरवा

३२८पीचा वॉचडॉग चिपच्या आतल्याच वेगळ्या १२८ किलोहर्ट्झच्या घड्याळावर चालतो, म्हणून क्रिस्टल बंद पडला तरी तो जिवंत राहतो. मिळणाऱ्या मुदती १६, ३२, ६४, १२५, २५० आणि ५०० मिलिसेकंद, मग १, २, ४ आणि ८ सेकंद. त्याहून जास्त नाही. हे घड्याळ क्रिस्टलइतकं काटेकोर नसतं, तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे हलतं. म्हणून मुदत कधीच काठोकाठ धरू नये.

वॉचडॉग न लावता आधी लूपची एक फेरी किती वेळ घेते ते मोजा. फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी मायक्रोसेकंदांचा आकडा घ्या, फरकातला सर्वांत मोठा आकडा जपून ठेवा आणि बोर्ड पूर्ण २४ तास चालू द्या. लाईट जाणं-येणं, मेसेज येणं, मोटर सुरू-बंद होणं, सगळं त्या काळात झालं पाहिजे. टेबलावर पाच मिनिटं मोजलेली फेरी खोटी असते.

माझ्या बोर्डावरचा हिशेब असा येतो. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची, तीन फेज म्हणजे ६०. एलसीडीची ३२ अक्षरं लिहायला साधारण ४५. ईईप्रॉमचा (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचा) एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद, १२ बाइटांना ४०च्या आसपास. मॉड्यूलचं काम प्रत्येक फेरीत ५. सगळं मिळून १५० मिलिसेकंद.

मग मुदत २५० घ्यायची का? नको. खालची मर्यादा कोड ठरवतो, वरची मर्यादा मोटर ठरवते. कोडला १५० लागतात, म्हणून ३००च्या खाली जायचं नाही. मोटर कोरडी चालली तर दोन-चार सेकंदांत जळत नाही, म्हणून मी २ सेकंद घेतो. तुमच्याकडे हीटर किंवा कापणारं यंत्र असेल तर वरची मर्यादा फार खाली येईल. ती आधी ठरवा आणि कोड त्यात बसवा.

## पायरी ५: लांबलचक थांबे मोडून काढा

इथेच बहुतेकांची गाडी अडते. मेसेज पाठवण्याच्या कमांडला उत्तर द्यायला सिम८०० जास्तीत जास्त ६० सेकंद घेऊ शकतं. वॉचडॉगची कमाल मुदत ८ सेकंद. मग सोपी वाट म्हणून उत्तराची वाट पाहणाऱ्या लूपमध्येच हजेरीची ओळ टाकली जाते. झालं! मॉड्यूलने उत्तरच दिलं नाही तर बोर्ड त्या लूपमध्ये कायमचा बसतो, आणि वॉचडॉगला वाटतं की सगळं सुरळीत आहे.

वाट पाहणारा लूपच काढून टाका. मॉड्यूलच्या कामाच्या अवस्था करा: ‘मोकळं’, ‘कमांड पाठवली’, ‘मजकूर पाठवला’, ‘उत्तराची वाट’, ‘जमलं’, ‘फसलं’. प्रत्येक फेरीत कोडने फक्त पाहायचं: काही अक्षरं आली का? आली असतील तर उचलायची, नसतील तर लगेच बाहेर पडायचं. अवस्था कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवायची आणि ६० सेकंद उलटले की ‘फसलं’मध्ये जायचं.

वेळेची तुलना नेहमी वजाबाकीने करा: आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ. मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ अमुकपेक्षा मोठी आहे का’ असं विचारणारा कोड त्या दिवशी चुकतो, आणि टेबलावर ती चूक कधीच दिसत नाही.

आय-टू-सीकडेही लक्ष द्या. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीत बस अडकली तर कोड अनंत काळ थांबू शकतो. नव्या आवृत्त्यांमध्ये वायर-टाइमआउट लावायची सोय आहे, पण ती आपणहून चालू नसते. सुरुवातीलाच चालू करा.

> तपासा: कोडमध्ये ‘डिले’ हा शब्द शोधा. ५० मिलिसेकंदांहून मोठा एकही डिले उरता कामा नये. मग प्रत्येक ‘व्हाइल’ शोधा आणि स्वतःला विचारा: समोरून काहीच आलं नाही तर हा लूप संपतो का?

## पायरी ६: सुरुवातीच्या ओळींचा क्रम

बोर्ड सुरू होताच या क्रमाने जा.

१. रिसेटचं कारण सांगणारं एमसीयूएसआर रजिस्टर वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.
२. ते रजिस्टर पुसा.
३. वॉचडॉग बंद करा.
४. पिना सुरक्षित स्थितीत आणा.
५. ठरलेल्या मुदतीचा वॉचडॉग सुरू करा.
६. मग एलसीडी, मॉड्यूल, बाकी सगळं.

दुसरी आणि तिसरी ओळ उलट करू नका. वॉचडॉगने रिसेट केल्याची खूण त्या रजिस्टरमध्ये उभी असेपर्यंत वॉचडॉग बंदच करता येत नाही. बंद करायची ओळ लिहिलेली असते, ती चालतेही, पण वॉचडॉग सुरूच राहतो. यात लोकांनी रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत.

पाचवी ओळ सेटअपच्या (लूपआधी एकदाच चालणाऱ्या भागाच्या) शेवटी ढकलू नका. ‘मॉड्यूलला नेटवर्क पकडायला अर्धा मिनिट लागतो, तोवर वॉचडॉग कसा लावू?’ असं विचारतात. नेटवर्क पकडणं हे सेटअपचं काम नाहीच. पायरी ५मधल्या अवस्थांतली ती पहिली अवस्था आहे. सेटअपमध्ये अडकलेला बोर्ड लूपमध्ये अडकलेल्या बोर्डाइतकाच मेलेला असतो.

रजिस्टर स्वतः हाताळत असाल तर लक्षात ठेवा: बदलाची परवानगी देणारे दोन बिट एकदम लिहिल्यावर चार क्लॉक सायकलच्या आत नवी किंमत लिहावी लागते. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा. एव्हीआर-लिबसी या चिपच्या सी लायब्ररीमधली तयार फंक्शनं हे सांभाळतात, तीच वापरा.

## पायरी ७: हजेरी

हजेरीची ओळ पूर्ण कोडमध्ये एकदाच असली पाहिजे. मुख्य लूपच्या तळाशी. आणि तीही अट पूर्ण झाली तरच चालली पाहिजे.

मस्टरवर सही मजुराने स्वतः काम करून करायची असते, मुकादमाने घरी बसून सगळ्यांच्या सह्या ठोकल्या तर मस्टर भरतं आणि बांध तसाच राहतो. टायमर इंटरप्टमधली हजेरी ही अशी मुकादमाची सही आहे. इंटरप्ट चालू आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं, लूपबद्दल काहीच नाही.

म्हणून प्रत्येक कामाला हजेरीपटात एक जागा द्या. काम खरोखर पार पडलं की त्या कामाने आपली जागा स्वतः भरायची.

    लूप:
        फेज मोज      → मोजणी पुरी झाली तर पट[फेज] = हो
        मोटर ठरव     → निर्णय झाला तर पट[मोटर] = हो
        मॉड्यूल पाहा  → अवस्था वैध असेल तर पट[मॉड्यूल] = हो
        एलसीडी लिही

        पटातल्या सगळ्या जागा ‘हो’ असतील तर
            वॉचडॉगला हजेरी लाव
            पट पुसून टाक

शेवटची ओळ विसरू नका. पट पुसला नाही तर पहिल्या फेरीतल्या सह्यांवर बोर्ड वर्षभर हजेरी लावत राहील.

‘हो’ कधी लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. फेजचं उदाहरण जवळून पाहू. व्होल्टेज शून्य आलं तर काम बिघडलं का? नाही, लाईट गेली असेल, शून्य हेच खरं उत्तर आहे. म्हणून पुरावा व्होल्टेजचा घ्यायचा नाही, मोजणी झाल्याचा घ्यायचा. एका वाचनाला साधारण ०.११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या सायकलमध्ये पावणेदोनशेच्या आसपास वाचनं बसतात. प्रत्येक फेजची १५०हून जास्त वाचनं झाली असतील तरच मी ‘हो’ लिहितो. मोजणी अर्धवट सुटली असेल तर ती इथे पकडली जाते.

मॉड्यूलच्या बाबतीत चूक बरोबर उलटी होते. ‘मॉड्यूलने उत्तर दिलं तरच हो’ असं लिहिलं की रेंज नसलेल्या रात्री बोर्ड दर दोन सेकंदांनी रिसेट होत राहतो. चिप रिसेट केल्याने टॉवर येत नाही! मॉड्यूलचं काम ‘झालं’ म्हणजे अवस्थांचा कोड चालला, अवस्थेचा क्रमांक ठरलेल्या यादीतलाच आहे आणि मुदत उलटलेली अवस्था ‘फसलं’मध्ये गेली. मेसेज गेला की नाही हा वेगळा प्रश्न. तीनदा फसलं तर मॉड्यूलचा सप्लाय मॉसफेटने (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरने) तोडून पुन्हा द्या. वॉचडॉग फक्त चिपला रिसेट करतो, बाहेरच्या मॉड्यूलला नाही, हे बरेच जण विसरतात.

आय-टू-सीवरची चिपही तशीच. ती बाइट देत असताना मास्टर, म्हणजे आपली ३२८पी, रिसेट झाला तर ती डेटाची लाइन खाली ओढून बसू शकते, मग नव्याने सुरू झालेला कोड पुन्हा तिथेच अडकतो. सुरुवातीला क्लॉकच्या लाइनवर हाताने ९ पल्स द्या, लाइन सुटते.

एलसीडीला मी पटात जागा दिलेली नाही, मुद्दाम. डिस्प्ले बिघडला म्हणून मोटरचं संरक्षण थांबवायचं नाही. कोणतं काम पटात घ्यायचं याला एकच कसोटी आहे: हे काम बंद पडलं तर मोटर चालू ठेवणं धोक्याचं आहे का?

> सावधान: काही लो-पॉवर लायब्रऱ्या झोपेतून उठण्यासाठी हाच वॉचडॉग फक्त इंटरप्टच्या मोडमध्ये वापरतात. त्या मोडमध्ये रिसेट होतच नाही. अशी लायब्ररी असेल तर तुमचं सेटिंग ती गुपचूप बदलते.

## पायरी ८: कुठे अडकला ते लिहून ठेवा

प्रत्येक काम सुरू करताना त्याचा क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये टाका. ते व्हेरिएबल ‘नो-इनिट’ भागात ठेवा, म्हणजे सुरू होताना कंपायलरचा कोड ते शून्य करणार नाही. वॉचडॉगच्या रिसेटमध्ये वीज जात नाही, म्हणून रॅममधला क्रमांक टिकतो. बोर्ड पुन्हा सुरू झाला की कळतं: ४ नंबरच्या कामात अडकला होता.

शेजारी एक ठरलेला खुणेचा आकडाही ठेवा. लाईट जाऊन आली तर रॅममध्ये कचरा असतो. खूण जुळली तरच क्रमांकावर विश्वास ठेवा. बूटलोडरने एमसीयूएसआर आधीच पुसलेलं असेल तर रिसेटचं कारण शून्य दिसतं, तिथेही ही खूण कामाला येते.

३२८पीमध्ये ‘आधी इंटरप्ट, मग रिसेट’ असाही मोड आहे. पहिल्या मुदतीला इंटरप्ट येतो, त्यात क्रमांक ईईप्रॉममध्ये लिहायचा, दुसऱ्या मुदतीला रिसेट. यात रिसेटला दुप्पट वेळ लागतो, तो पायरी ४च्या वरच्या मर्यादेत बसतो का ते पाहा. त्या इंटरप्टमध्ये हजेरी मात्र लावायची नाही.

> सावधान: ईईप्रॉमच्या एका जागेचं आयुष्य १ लाख लेखनांचं आहे. बोर्ड दर २ सेकंदांनी रिसेट होऊन दर वेळी तिथेच लिहू लागला तर साधारण ५५ तासांत ती जागा संपते. पुढची पायरी म्हणूनच आवश्यक आहे.

## पायरी ९: सलग रिसेट मोजा

नो-इनिट भागातच एक मोजणी ठेवा. वॉचडॉगचा रिसेट झाला की एक वाढवा, बोर्ड १० मिनिटं सुरळीत चालला की शून्य करा. मोजणी ३ झाली की नेहमीचा कोड सुरूच करायचा नाही. मोटर बंद, एलईडी ठरलेल्या तालावर, जमलं तर एक मेसेज, आणि माणसाने बटण दाबेपर्यंत थांबणं. या थांबण्यातही वॉचडॉगला हजेरी लागते, पण ती त्या छोट्या लूपची, बाकी कशाची नाही. पायरी ७मधल्या ‘एकदाच’ला हा एकच अपवाद.

## पायरी १०: मुद्दाम अडकवा

वॉचडॉग चालतो की नाही हे बोर्ड अडकवल्याशिवाय कळत नाही. तपासणीच्या कोडमध्ये एक बटण द्या आणि हे सगळं करा.

- बटण दाबताच रिकाम्या अनंत लूपमध्ये जा.
- तेच, पण आधी सगळे इंटरप्ट बंद करून.
- फक्त फेज मोजणीचं काम वगळा, बाकी लूप चालू ठेवा. हजेरीपट नसलेला कोड इथे नापास होतो.
- चालू असताना मॉड्यूलची वायर उपटा. इथे रिसेट होता कामा नये.
- आय-टू-सीची डेटा लाइन जमिनीला टेकवा आणि सोडा.
- कॉन्टॅक्टर १०० वेळा चालू-बंद करा. इथेही रिसेट नको. झाला तर पायरी १कडे परत.

रिसेट झाला की प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहा: दिवा विझला का, बोर्ड मुदतीत परत आला का, आणि नोंदीत बरोबर कामाचा क्रमांक आला का.

## दुसरी चिप असेल तर

एसटीएम३२मध्ये ‘इंडिपेंडंट वॉचडॉग’ घ्या. एकदा सुरू केला की रिसेटशिवाय बंद होत नाही, हे चांगलंच आहे. पण एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये त्याचं घड्याळ ३० ते ६० किलोहर्ट्झ यांत कुठेही असू शकतं. ४० धरून काढलेले २ सेकंद प्रत्यक्षात १.३३ ते २.६७ सेकंद होऊ शकतात. डीबगरने थांबवताना वॉचडॉगही थांबवणारा बिट चालू करा, नाहीतर प्रत्येक ब्रेकपॉइंटला चिप रिसेट होईल.

ईएसपी३२वर ईएसपी-आयडीएफच्या मूळ सेटिंगमध्ये टास्क वॉचडॉग ५ सेकंदांनी फक्त इशारा छापतो, रिसेट करत नाही. इशाऱ्यावर न थांबता रिसेट करणारा ‘पॅनिक’चा पर्याय चालू करावा लागतो, आणि आपली टास्कही त्याच्या यादीत स्वतः घालावी लागते.

## बसवून झाल्यावर

बोर्ड शेतावर लावला की ‘स्थिती’ असा मेसेज पाठवल्यावर उत्तरात वॉचडॉग रिसेटची एकूण संख्या आणि शेवटचा अडकलेला क्रमांक येईल अशी सोय ठेवा. पंधरा दिवसांनी विचारा. शून्य आलं तर उत्तम. आकडा आला आणि क्रमांक दर वेळी तोच असेल, तर चूक त्या कामाच्या कोडमध्ये आहे, तिथेच शोधा. क्रमांक दर वेळी वेगळा येत असेल तर कोड चाळत बसू नका. सप्लाय, अर्थिंग आणि कॉन्टॅक्टरजवळून गेलेल्या वायरी पाहा. माझ्याकडे असा एक बोर्ड परत आला होता. सेन्सरची वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला घासून नेली होती. ती वीतभर लांब घेतली आणि रिसेट थांबले.